नियम चौदा आणि नेस्टाचा गुडघा

कुमगारेग, सोमवार
(दुपारचं जेवण झाल्यावर, जेवण म्हणजे उघडलेला टिनचा डबा)

आदरणीय केनविनताई,

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा नमस्कार स्वीकारावा. तुमचा खोकला आता कसा आहे? मागच्या पत्रात तुम्ही लिहिलं होतं की समुद्राच्या वाऱ्याने तो वाढतो आणि डॉक्टर म्हणतात की समुद्राच्या वाऱ्यानेच तो बरा होईल. (ते पत्र नेस्टाला होतं हे मला ठाऊक आहे, पण ती तुमची पत्रं मला मोठ्याने वाचून दाखवते. दाखवायची.) तुमचं मांजर बरं आहे ना? वरच्या खोलीतले भाडेकरू अजून ट्रॉम्बोन वाजवतात का? इकडे सर्व कुशल आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. इकडे सर्व कुशल आहे.

माझं पत्र पाहून तुम्हाला नवल वाटेल. तुमच्या बहिणीशी लग्न होऊन त्रेचाळीस वर्षं झाली आणि एवढ्या काळात मी तुम्हाला एकच पत्र पाठवलं. ते चौऱ्याऐंशीच्या खाणकामगारांच्या संपातलं, आणि खरं सांगायचं तर तेही तुम्हाला नव्हतं, तुमच्यामार्फत टेन्बीच्या समस्त जनतेला होतं. तुम्ही ते दाराला लावावं अशी माझी अपेक्षा होती. तुम्ही त्यात मासे गुंडाळलेत असं नंतर कळलं. मी मनात काही ठेवलेलं नाही.

नेस्टा तुमच्याकडे आहे. म्हणजे ती असणारच, कारण बुधवारी सकाळी ती एक बॅग, एक काठी आणि एक गुडघा (दुसरा आता गुडघ्यात मोजण्यासारखा राहिलेला नाही) घेऊन गाडीत बसली. गाडी टेन्बीला जाणारी होती आणि टेन्बीत तिचं तुमच्याशिवाय कोणी नाही. तिने तुम्हाला काय सांगितलं असेल याचा मला अंदाज आहे. बहुधा तिने काहीच सांगितलं नसेल, ते जास्त वाईट. म्हणून माझी बाजू मी मांडतो. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय निर्णय देऊ नये असं मी आयुष्यभर व्यासपीठावरून सांगत आलो आहे.

तुम्हाला माहीत आहे की मी आमच्या भागाच्या रुग्ण सल्लागार मंडळाचा सभासद आहे. महिन्यातून एकदा आम्ही चौदा जण चॅपलच्या मागच्या हॉलमध्ये जमतो आणि रुग्णालयाला सांगतो की काय करावं. रुग्णालय बहुतेक वेळा आभार मानतं आणि काही करत नाही. आमचे अध्यक्ष हेडन प्रॉबर्ट. (तुमच्या लग्नात ज्याने हार्मोनियमवर झोप काढली तोच. त्याचं बोलणंही तसंच आहे, एकदा सुरू झालं की वाऱ्यावर चालत राहतं.) मार्चच्या सभेपुढे एक अहवाल आला. आमच्या भागात लठ्ठपणापायी आरोग्यखात्याचा किती खर्च होतो त्याचा. मधुमेह, हृदय, गुडघे, खुबे, मजबूत पलंग, रुंद रुग्णवाहिका, सगळं मिळून. तो आकडा इतका मोठा होता की मला तो म्हणायला दोन वेळा श्वास घ्यावा लागला. ताई, मी पेटलो. ही आरोग्यसेवा कोणी आकाशातून टाकलेली नाही. ती याच दऱ्यांतल्या माणसांनी आधी स्वतःसाठी उभी केली. माझ्या आजोबांच्या पगारातून दर आठवड्याला काही पेन्स कापले जात, आणि त्यावर गावाचा डॉक्टर, गावाची नर्स आणि गावाचे चष्मे चालत. पुढे सगळ्या देशाने तेच केलं. आमच्या घरात बायबल खालच्या फळीवर असे आणि आजोबांचं वर्गणीचं कार्ड वरच्या. त्या सेवेचा कणा मोडतोय आणि तो मोडतोय केकने, हे मला सहन झालं नाही.

मी चाळीस मिनिटं बोललो. रोमचं साम्राज्य मी मेजवान्यांपायी बुडवलं. शेवटी मी म्हणालो, “ज्याला स्वतःच्या ताटाला आवर घालता येत नाही, त्याने शेजाऱ्याच्या ताटातला घास का मागावा?” टाळ्या पडल्या. मी ठराव मांडला: ज्याचा उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक पस्तीसच्या वर असेल, त्याला तो खाली आणेपर्यंत गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या शस्त्रक्रियेच्या यादीत घेऊ नये. ठराव अकरा विरुद्ध दोन मतांनी मंजूर झाला. (प्रॉबर्टने मत दिलं नाही. तो झोपला होता.) आणि आश्चर्य म्हणजे या वेळी रुग्णालयाने आभार मानून आमचं ऐकलं.

सभेनंतर नेहमीप्रमाणे चहा झाला. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या भिंतीत ती लाकडी झडप आहे ना, नेस्टा ती वर सरकवते आणि कप पुढे करते. वीस वर्षं ती हे काम करते आहे, एका पैशाशिवाय. त्या दिवशी तव्यावरचे वेल्श केक होते. मी पाच खाल्ले. (बोलल्यावर मला भूक लागते.) तिने काही ऐकलं असेल असं माझ्या डोक्यातही आलं नाही. भाषणाच्या वेळी झडप बंद होती, हे मी शपथेवर सांगतो.

मग जूनमध्ये तिच्या गुडघ्याचं पत्र आलं. तुम्हाला ठाऊक आहे, दोन वर्षं ती जिना बसून उतरते. डॉक्टरांनी आशा दाखवली होती की वर्षाअखेरीस नवा गुडघा मिळेल. पत्रात लिहिलं होतं की रुग्ण सल्लागार मंडळाच्या मार्चमधल्या शिफारशीनुसार, आधी चौदा किलो कमी करा, मग यादीत नाव. नेस्टाने ते नाश्त्याच्या टेबलावर मला वाचून दाखवलं, घडी घातली, आणि म्हणाली, “तुझं भाषण आलंय रे इद्वाल. पोस्टाने.”

मी डगमगलो नाही. तत्त्व हे तत्त्व. ते स्वतःच्या घराच्या उंबऱ्याशी थांबलं तर ते तत्त्व कसलं? मी म्हणालो, नेस्टा, आपण दोघं मिळून हे करून दाखवू. मी वाचनालयातून सहा पुस्तकं आणली. मी कोबीचं वेळापत्रक केलं. मी लोण्याचा डबा कपाटावर ठेवला. (मग आठवलं की तिला स्टुलावर चढता येत नाही आणि मला येतं, म्हणजे त्याचा त्रास फक्त तिला होतो. पण तो तिथेच राहिला.) रोज चाला, असं सहाही पुस्तकं म्हणत होती. ती दारापासून पोस्टाच्या पेटीपर्यंत गेली आणि परत येताना श्रीमती बेवनच्या भिंतीवर वीस मिनिटं बसून राहिली. चालता येत नाही म्हणून वजन उतरत नाही, वजन उतरत नाही म्हणून गुडघा मिळत नाही, गुडघा मिळत नाही म्हणून चालता येत नाही. हे वर्तुळ मला तेव्हाच दिसायला हवं होतं. मी ते इतरांच्या बाबतीत चटकन पाहतो.

मंगळवारी चॅपलच्या त्याच हॉलमध्ये वजन उतरवणाऱ्यांचा क्लब भरतो. तो गेनर चालवते, ती केशकर्तनाचं दुकान असलेली. पडद्यामागे काट्यावर उभं राहायचं, गेनर आकडा वहीत लिहिते, आणि ज्याचं अर्धा पौंड जरी कमी झालं त्याच्यासाठी सगळे टाळ्या वाजवतात. मी निरीक्षक म्हणून सोबत गेलो. सांगतो ताई, मी पुष्कळ सभा पाहिल्या आहेत, पण इतकी प्रेमळ सभा पाहिली नाही. कोणी कोणाला उपदेश करत नाही. एक बाई म्हणाली, “या आठवड्यात नवरा परत आला, म्हणून दीड पौंड वाढलं,” आणि तिच्यासाठीही टाळ्या झाल्या. नेस्टाचे चार आठवड्यांत दोन किलो उतरले. तिथल्या निम्म्या बायकांच्या मुलांना तिने शाळेच्या स्वयंपाकघरातून जेवू घातलेलं. एकतीस वर्षं, रोज दोनशे ताटं, सिमेंटच्या फरशीवर उभं राहून. त्या बायका तिला अजून “बाई” म्हणतात आणि तिच्यासाठी खुर्ची रिकामी ठेवतात.

आता माझी फजिती. गेल्या मंगळवारी गेनर म्हणाली, “इद्वालकाका, नुसतं उभं राहून बघता काय? चढा की काट्यावर.” मी चढलो, कारण मला भीती कसली? मी हाडापेराने मोठा आहे एवढंच. गेनरने उंची घेतली, गणित केलं, पुन्हा केलं, आणि हळू आवाजात म्हणाली, “काका, पस्तीस पूर्णांक चार.”

म्हणजे माझ्याच ठरावाच्या पलीकडे. चार दशांशांनी.

मी तिथल्या तिथे हरकत घेतली. मी सांगितलं की हा निर्देशांक मुळात दोनशे वर्षांपूर्वीच्या एका बेल्जियन गृहस्थाने काढला, त्याचा मूळ धंदा आकाशातले तारे मोजण्याचा, आणि त्याला लोकसंख्येची सरासरी हवी होती, कुमगारेगच्या एकट्यादुकट्या माणसाचा न्यायनिवाडा करायचा नव्हता. (हे खरं आहे. मार्चमध्येही खरंच होतं. तेव्हा मला ते आठवलं नाही.) मी म्हणालो, अंगात कोट आहे, पायात बूट आहेत, खिशात मंडळाची नियमावली आहे.

“मग नियमावली काढा काका, बघू काय फरक पडतो,” गेनर म्हणाली.

मी नियमावली काढून नेस्टाच्या हातात दिली. आकडा जरासा हलला. हॉलभर टाळ्या झाल्या. त्या थट्टेच्या नव्हत्या ताई, तेच तर अवघड.

मी बूट काढून पुन्हा चढलो, मग कोट काढून, मग गेनरशी काट्याच्या अचूकतेवर चर्चा केली. तेवढ्या वेळात नेस्टा खुर्चीत बसून नियमावली वाचत होती. दुसरं काही वाचायला नव्हतं. ही नियमावली मी लिहिलेली आहे, हे तुम्हाला सांगायला हवं. नियम चौदा असा आहे: मंजूर झालेला ठराव वर्षभर पुन्हा चर्चेला घेता येणार नाही, मात्र ठराव मांडणाऱ्यानेच उभं राहून आपली चूक झाली असं सांगून तो मागे घेतला, तर तो तत्काळ रद्द होईल. ही सोय मी शोभेसाठी ठेवली होती. आमच्या मंडळात अशी वेळ कोणावर येईल असं मला वाटलं नव्हतं.

 बुधवारी सकाळी नेस्टा बॅग भरून खाली आली (बसत बसत), आणि दारात म्हणाली, “तुला हा नियम माहीत होता.”

मी म्हणालो की मीच लिहिला आहे.

“चार आठवडे मी कोबी गिळला इद्वाल. तुला एक वाक्य गिळवेना.”

आणि टॅक्सी आली.

तर ही माझी बाजू. लिहिताना ती मला वाटली होती त्यापेक्षा थोडी किरकोळ दिसते आहे, पण पुढचं ऐका. मी बसून राहिलो नाही. लगेच दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, मंडळाची सभा होती. मी रात्रभर खपून ठराव मागे घेण्याचं भाषण तयार केलं. अकरा पानं. सुरुवात ग्रीसपासून होती. ताई, ते माझं सर्वोत्तम भाषण झालं असतं. त्यात आजोबा होते, त्यांच्या फुप्फुसातली कोळशाची धूळ होती, आणि त्या वर्गणीतून उपचार करताना कोणीही “ही धूळ तू स्वतःच खाल्लीस” असं म्हटलं नव्हतं, हे होतं. खाण गेली, मैदान विकलं गेलं, बस तासाने येते, आणि भाजीपेक्षा तळलेले बटाटे स्वस्त आणि जवळ मिळतात, मग माणसांच्या पोटावर जे साठलं ते एकट्या त्यांच्या ताटातून आलं का, हे होतं. आणि अकराव्या पानावर ते वाक्य होतं.

पण नियम नऊ म्हणतो की ठराव मागे घेणाऱ्याला दोन मिनिटं मिळतील. (तोही मीच लिहिला, प्रॉबर्टसाठी.) मी अथेन्समध्येच होतो तेव्हा घंटा वाजली. प्रॉबर्ट जागा होता, डोळे चमकत होते. “वेळ संपली इद्वाल. तू काही मागे घेतोयस का? आम्हाला तसं काही ऐकू आलं नाही,” तो म्हणाला. मी म्हणालो की मी त्याच मुद्द्याकडे येत होतो. तो म्हणाला, “कुठून, पायी?”

आणि नियम चौदाचा शेवटचा भाग असा आहे की अशी संधी दोनदाच मिळते. दुसरी या गुरुवारी, त्यासाठीच बोलावलेल्या जादा सभेत आहे. ती चुकली तर वर्षभर काही करता येणार नाही, आणि नेस्टा आणखी एक वर्ष जिना बसून उतरेल. तुमच्याकडे जिना नाही ना? मला आठवत नाही. असला तर तिला खालची खोली द्या. उशी गुडघ्याखाली लागते, डोक्याखाली चालेल तशी.

थांबतो. तुमच्या खोकल्याची काळजी घ्या. मांजरालाही.

आपला नम्र,
इद्वाल

ता. क. (मंगळवार) हे पत्र अजून इथेच आहे. पोस्टाची तिकिटं कुठल्या खणात असतात ते नेस्टाला विचारून कळवावं. हे लिहिल्यावर लक्षात आलं की ते कळवण्यासाठी हे पत्र आधी तुम्हाला पोचावं लागेल. आज क्लबात गेलो होतो. पस्तीस पूर्णांक दोन. डब्यातलं जेवण असंच असतं. टाळ्या पडल्या. सगळ्यांनी बाईंबद्दल विचारलं. मी सांगितलं की हवापालटासाठी गेल्या आहेत. गेनर म्हणाली, “हवा तुम्ही पालटा काका.”

ता. क. २ (गुरुवार, संध्याकाळी पाच) तिकिटं सापडली. चहाच्या डब्यात होती.

सभा झाली. अकरा पानं मी घरीच ठेवली होती. उभा राहिलो आणि म्हणालो, “मार्चमधला माझा ठराव मी मागे घेतो. मी चुकलो.” घड्याळात पाच सेकंद झाले होते. प्रॉबर्टचा हात घंटेवर तसाच राहिला. एक मिनिट पंचावन्न सेकंद उरले होते आणि त्यांचं काय करायचं हे कोणालाच कळेना. शेवटी प्रॉबर्टने विचारलं, “इद्वाल, तुला बरं नाही का?” मग त्याने चिटणिसाला लिहून घ्यायला सांगितलं, ठराव रद्द. रुग्णालयाची बाई सभेला हजर होती. ती म्हणाली की ज्यांची नावं थांबवली होती ती सोमवारी यादीत जातील, नेस्टाचंही. हे मी दोनदा विचारून घेतलं. ऑपरेशन कधी, ते यादीच्या लांबीवर आहे, पण नाव जाईल.

मग चहा कोण करणार असा प्रश्न आला, कारण नेस्टा नाही. कोणी उठेना. मी आत गेलो. बंब पेटवला, झडप खाली ओढून घेतली (वारा येत होता), आणि कप मांडत उभा राहिलो. बाहेर हॉलमध्ये प्रॉबर्ट वाहनतळाच्या प्रश्नावर बोलायला लागला होता. ताई, तिथली फरशी दगडी आहे. बसायला काही नाही, मी शोधलं. पाऊण तास मी उभा होतो आणि माझ्या गुडघ्यांना आयुष्यात पहिल्यांदा मत मांडायची इच्छा झाली. वीस वर्षं, आणि त्याआधी शाळेत एकतीस, हे मी कधी कोणत्याही अहवालात घातलं नाही.

पण हे लिहायला बसलो ते त्यासाठी नाही. झडप बंद होती. आणि मला वाहनतळाचा शब्दन् शब्द ऐकू येत होता. मधे प्रॉबर्ट पाणी प्यायला तेही ऐकू आलं. लाकूड पातळ आहे, आणि माझा आवाज त्याच्यापेक्षा मोठा आहे.

ताटाचं वाक्य तिने ऐकलं होतं. टाळ्याही. मग तिने झडप वर केली आणि मला पाच केक दिले. मी सहावा मागितला असता तर तोही दिला असता.

ता. क. ३ वरचं सगळं पत्र तिला वाचून दाखवू नका. ते लांब आहे आणि त्यात मी फार आहे. शनिवारी अकराच्या गाडीने मी टेन्बीला येऊ का, एवढंच विचारा. नाही म्हणाली तरी येईन, पण मग स्टेशनवरच बाकावर बसेन आणि संध्याकाळच्या गाडीने परत जाईन. काही बोलणार नाही. तिने हो म्हटलं तर सांगा की पुढच्या महिन्यापासून मंडळाचा चहा माझ्याकडे आहे, आणि पहिल्या रांगेत, दोन्ही बाजूंना हात असलेली एक खुर्ची मी तिच्या नावाने ठेवली आहे. तिथे तिने बसावं. झडप मी उघडीच ठेवणार आहे.